हलगी गप्प बसेना

सरका जरा. शमू, पाय आत घे. गोधडी एक आणि तुम्ही दोघं, ओढाओढी कराल तर मी सरळ उठून जाईन, सांगून ठेवते. एस्तेर, तू भिंतीकडं हो. हं. आता ऐका.

एकदा काय झालं, एक गाव होतं. कुठलं ते विचारायचं नाही. बेथलेहेमच्या वाटेवरचं होतं म्हणतात. आता बेथलेहेम काही मी पाहिलेलं नाही, पण माझ्या गोष्टीतलं गाव मला चांगलं ठाऊक आहे. मधे पार. पाराला लागून चावडी. खालच्या अंगाला विहीर. सगळ्या गावाभोवती मातीचा कोट आणि त्या कोटाला एकच दरवाजा. ती वेस. वेशीच्या आत गाव आणि वेशीच्या बाहेर नुसता माळ. गावाला पाटील होता. शमू, तोंड उघडू नकोस, तू काय विचारणार ते मला माहीत आहे. माझ्या गोष्टीत तिकडंही पाटील असतो आणि तिकडंही भाकरीच खातात.

तर त्या गावात गेणबा नावाचा एक माणूस होता. त्याचं काम दवंडी पिटायचं. म्हणजे काय, की पाटलाला गावाला काही सांगायचं असलं की तो गेणबाला बोलवायचा. मग गेणबा खांद्याला हलगी अडकवायचा, हातात काड्या घ्यायचा आणि निघायचा. पारावर जाऊन वाजवायचा, ढडांग ढडांग! 'ऐका हो ऐका! उद्या विहीर उपसायची आहे, घरटी एक माणूस यावं हो!' मग विहिरीवर जाऊन तेच. मग वेशीपाशी जाऊन तेच. वेस आली की दवंडी संपली. वेशीच्या बाहेर दवंडी जायची नाही, असा रिवाजच होता.

आणि त्या गावाला एक खोड होती बरं का. दवंडी पिटली तरच गोष्ट खरी. नाही पिटली तर नाही. एकदा एकाचा बैल हरवला. गेणबानं दवंडी पिटली, बैल हरवला हो. दुपारी बैल आपला आपण येऊन गोठ्यात उभा राहिला, कडबा खायला लागला. पण सापडल्याची दवंडी कोणी पिटली नव्हती ना! मग काय, सगळं गाव काठ्या घेऊन माळावर बैल शोधतंय. आणि बैलाचा मालक सगळ्यांच्या पुढं! हसता काय मेल्यांनो, खरं तेच सांगते.

गेणबाचं खोपट वेशीला अगदी चिकटून होतं. बायको नव्हती, पोरंबाळं नव्हती. सगळ्या गावाच्या बातम्या त्याच्या तोंडात, पण त्याच्याशी बोलायला कोणी नाही. हलगी वाजली की लोक दार अर्धं उघडायचे, ऐकायचे आणि लावून घ्यायचे. गेणबा, आत ये, बस, पाणी पी, असं कोणी म्हणायचं नाही. लोक वाईट नव्हते हो. त्यांना वाटायचं, हा सांगायला आला, सांगून झालं, आता हा जाणार. मग गेणबा घरी यायचा. हलगी खुंटीला अडकवायचा. चूल पेटवायचा, भाकरी थापायचा आणि आपणच आपल्याला विचारायचा, 'जेवलास का गेणबा?' आणि आपणच सांगायचा, 'बसतोय आता.' फार एकटं वाटायचं बिचाऱ्याला.

आणि वेशीच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडं, त्याच्याहूनही एकटं एक माणूस राहायचं. तिचं नाव ठकूबाई. पूर्वी ती गावातच राहायची, विहिरीजवळच्या घरात. नवरा लवकर गेलेला. पुढं तिच्या अंगावर चट्टे आले, हाताची बोटं बधिर झाली. लोक म्हणाले, हा तर महारोग. सगळे घाबरले. मग पाटलानं गेणबाला बोलावलं आणि दवंडी सांगितली. 'ऐका हो ऐका! ठकूबाईनं वेशीबाहेर जावं हो! कोणी तिच्या दारी जाऊ नये, कोणी तिच्याशी बोलू नये, कोणी तिचं नाव घेऊ नये हो!' आपल्याच उंबऱ्यावर उभी राहून ठकूबाईनं ती दवंडी ऐकली. एक घोंगडी घेतली, एक मडकं घेतलं आणि निघाली. ओढ्यापलीकडं चुन्याची एक जुनी भट्टी होती, पडीक. तिच्यात राहायला लागली.

वर्षं गेली. आणि ऐका, तिचा रोग बरा झाला. कसा, ते देवाला ठाऊक. चट्टे गेले, बोटांना ऊन-थंड कळायला लागलं. पण सांगणार कोणाला? जायची दवंडी पिटली होती, यायची दवंडी पिटायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि दवंडी नाही म्हणजे गावाच्या लेखी ती आजारीच. बघायला कोणी आलंच नाही. सणासुदीला कोणीतरी ओढ्याच्या अलीकडं खडकावर भाकरी ठेवायचं आणि मागं न बघता पळायचं. ती भट्टीच्या आडून बघत बसायची. भाकरीसाठी नाही गं. माणूस दिसावं म्हणून. माळावर एक टिटवी होती, तिलाच ती आपलं सगळं सांगायची. आणि आपलं नाव आपल्याला विसरायला होऊ नये म्हणून मधूनच मोठ्यानं म्हणायची, 'ठकू! अगं ए ठकू!' मग गप्प बसायची. कारण ओ कोणाला द्यायची?

एस्तेर, रडू नकोस. अजून गोष्ट कुठं झाली?

मग काय झालं, थंडीचे दिवस होते. एके सकाळी गेणबा दार उघडून बघतो तर वेशीतून मेंढके पळत येताहेत. पायाला धूळ, डोक्याचे पटके सुटलेले, आणि बरोबर एकही मेंढरू नाही. गेणबाला वाटलं, लांडगा आला. 'अरे, मेंढरं कुठं आहेत?'

'सोडून आलो,' मेंढके म्हणाले.

मेंढका आणि मेंढरं सोडून येतो? गेणबाला काही कळेना. त्यातला एक म्हातारा मेंढका होता. त्याच्या तोंडावर असा उजेड होता, की जणू आत्ताच चुलीपुढून उठलाय. तो म्हणाला, 'गेणबा, आम्ही मेंढरं राखत बसलो होतो. तर आभाळातून देवाचा दूत आला. आमची तर दातखीळच बसली. तो म्हणाला, भिऊ नका. आनंदाची बातमी आणलीय. तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय. बेथलेहेमात जा, गोठ्यात बाळ आहे, गव्हाणीत निजलंय, तोच तो. आम्ही गेलो. पाहिलं. तसंच आहे सगळं. आणि ही बातमी सगळ्यांसाठी आहे बरं का, गेणबा. सगळ्यांसाठी. तू दवंडीवाला ना? मग सांग सगळ्यांना.' असं म्हणून म्हाताऱ्यानं दारातून आत वाकून खुंटीवरच्या हलगीवर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं, आणि ते सगळे पुढच्या गावाला पळाले.

गेणबा गेला पाटलाकडं. पाटील तोंड धूत होता. 'कसली दवंडी?'

'बाळ झालंय म्हणे.'

'कोणाला?'

'सगळ्यांना.'

'सगळ्यांना कसं होईल बाळ? डोकं फिरलंय का तुझं?' पाटील चूळ भरून म्हणाला, 'बरं, पिट. आनंदाची आहे ना? आनंदाची चालेल. सगळ्यांना सांग.'

मग गेणबानं हलगी खांद्याला अडकवली. पारावर गेला. 'ऐका हो ऐका! भिऊ नका हो! तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय हो!' लोक उठून उभे राहिले. 'आमच्यासाठी? गोठ्यात? अरे, मग तो आपल्यातलाच की!' मग विहिरीवर गेला. तिथं दोघी जावा होत्या, एकमेकींशी बोलत नव्हत्या. बातमी ऐकली आणि एकीनं दुसरीच्या डोक्यावर हंडा चढवून दिला. मग वेशीपाशी गेला. तिथंही सांगितलं. झालं, संपली दवंडी.

आणि गावात कसा आनंदीआनंद झाला म्हणून सांगू! घरोघर गव्हाची खीर शिजायला लागली. गुळाचा वास सगळ्या गल्लीत. पोरं नाचताहेत, म्हातारी माणसं हसताहेत. गेणबा एकेका दारावरून चालला होता. दारं लावलेली होती, थंडी होती ना. आतून ताटं-वाट्यांचा आवाज येत होता. वाटलं, कोणीतरी हाक मारील. कोणी मारली नाही. वाईट म्हणून नाही, आधीच सांगितलंय मी तुम्हाला. कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

गेणबा घरी आला. हलगी खुंटीला लावली. आणि बघतो तर काय, हलगी वाजतेय! कोणी वाजवत नाही, हातात काड्या नाहीत, आणि ती आपली खुंटीवरच डुग, डुग, डुग. हळू. लहान लेकराच्या छातीवर कान ठेवला की येतो ना, तसा आवाज. गेणबानं तिच्यावर हात ठेवला. थांबेना. घोंगडीत गुंडाळली. थांबेना. कणगीत घालून वर झाकण ठेवलं. आतून आपली डुग, डुग.

मग त्याला म्हाताऱ्या मेंढक्याचं बोलणं आठवलं. सगळ्यांसाठी, म्हणाला होता. 'म्हणजे कोणीतरी राहिलंय,' गेणबा म्हणाला. 'ज्याला बातमी पोचलीच नाही असं कोणीतरी राहिलंय.'

मग त्यानं विचार केला, कोण राहिलं? हां, बहिरे आबा! पाराच्या मागं राहायचे. ढोल वाजला तरी ऐकू यायचं नाही त्यांना. हलगी पुन्हा खांद्याला अडकवून गेणबा त्यांच्या घरी गेला. कानात ओरडला, 'तारणारा जन्मलाय!' आबा म्हणाले, 'नको, मला भाजी नको.' पुन्हा ओरडला. आबा म्हणाले, 'अरे, माझी म्हैस कधीच विकली.' शेवटी गेणबानं काय केलं, दोन हातांचा पाळणा केला, बाळ जोजवल्यासारखं केलं, मग आभाळाकडं बोट केलं आणि मग आबांच्या छातीला लावलं. आबा बघतच राहिले. मग त्यांचं बोळकं असं हसलं! तेही हातांचा पाळणा करून जोजवायला लागले. बातमी पोचली. पण हलगी काही थांबली नाही.

मग आणखी कोण राहिलं? तर चावडीत एक कोंबडीचोर बांधून ठेवला होता. गेणबा मनात म्हणाला, छे, चोराला कशाला आनंदाची बातमी? पण हलगी डुग, डुग करत होती आणि चोर सोडून सगळ्यांना, असं काही मेंढके म्हणाले नव्हते. मग गेला. सांगितली. चोर म्हणाला, 'थट्टा करतोस का गरिबाची?' गेणबा म्हणाला, 'नाही बाबा. तुझ्यासाठीच आहे.' चोर ढसाढसा रडला. त्याला आजवर असं काही कोणी सांगितलंच नव्हतं. पण हलगी? ती काही थांबेना.

आता उरलं कोण? शमू, तुला कळलं ना? अरे, गेणबालाही कळलं होतं. सकाळपासून कळलं होतं. फक्त पाय तिकडं वळत नव्हते.

तो पुन्हा पाटलाकडं गेला. 'पाटील, एक माणूस राहिलंय. ओढ्यापलीकडं.'

पाटलाचा चेहराच बदलला. 'तिचं नाव घेऊ नकोस. वेशीबाहेर दवंडी नाही. माझं गाव वेशीपर्यंत.'

'तुमचं गाव वेशीपर्यंत आहे,' गेणबा म्हणाला, 'पण बातमी वेशीपर्यंतची नाही.'

'मग जा की!' पाटील ओरडला. 'पण एवढं ऐकून जा. तिच्या दारी गेलास की तूही तिच्यासारखाच. वेस तुला बंद. आणि तुझ्यासाठी परत यायची दवंडी पिटणार कोण? आहे का तुझं कोणी?'

खरंच कोणी नव्हतं त्याचं. तो वेशीपाशी येऊन उभा राहिला. मागं गाव होतं. कोणी आत ये म्हणत नसलं तरी चार माणसांचे आवाज तर कानावर पडत होते. तेवढेच होते त्याच्याजवळ. तेही गेले तर? फार भीती वाटली त्याला. हलगी खांद्यावर डुग, डुग करत होती. मग त्यानं डोळे पुसले आणि वेशीबाहेर पाय टाकला.

ओढा ओलांडला. माळावर चिटपाखरू नाही. भट्टीपाशी गेला तर तिथंही कोणी दिसेना. कारण काय, सांगू? ठकूबाईनं हलगी ऐकली होती आणि ती आत भिंतीला चिकटून बसली होती. गेल्या खेपेला हलगी तिच्यासाठी वाजली होती तेव्हा काय झालं होतं? म्हणून. ती आतूनच ओरडली, 'आता आणखी कुठं जाऊ रे बाबा मी? याच्याही लांब कुठं जाऊ?'

गेणबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐका हो ऐका म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. ते गावाला म्हणायचं असतं. इथं गाव कुठं होतं? इथं एकच बाई होती. मग तो दाराशी खाली बसला आणि हळूच म्हणाला, 'ठकूबाई, मी गेणबा. तुमच्यासाठी बातमी आणलीय.'

आतून आवाज आला, 'काय म्हणालास?'

'बातमी आणलीय.'

'ते नाही. त्याच्या आधी.'

'ठकूबाई, म्हणालो.'

'पुन्हा म्हण.'

'ठकूबाई.'

ती रडायला लागली. तो थांबला. तिचं रडून झालं, मग त्यानं सगळं सांगितलं. मेंढके, आभाळातला दूत, गोठा, गव्हाण, बाळ, गावात घरोघर शिजलेली खीर. 'तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय,' तो म्हणाला.

ठकूबाई म्हणाली, 'खरं सांग हं गेणबा. त्या दूतानं असं कुठं म्हटलं होतं का, की सगळ्यांसाठी, फक्त ठकू सोडून?'

'नाही. असं काही नव्हतं त्यात.'

मग ती उठून बाहेर आली. उन्हात उभी राहिली. गेणबा बघतो तर अंगावर चट्टा नाही, काही नाही. दोन्ही हात धड. 'अहो, तुम्ही तर बऱ्या झालात!' ती म्हणाली, 'कधीची झाले. तूच पहिला बघतोयस.'

दोघं हसले. आणि मग गेणबाचं हसू थांबलं. कारण हलगी अजून वाजतच होती. डुग, डुग.

तो पार रडकुंडीला आला. 'आता कोण राहिलं? अख्खं गाव झालं. बहिरे आबा झाले, चोर झाला, तुम्ही झालात. पृथ्वीच्या पाठीवर आता मी कुणाकुणाला शोधत फिरू?'

ठकूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. एकटं राहिलेल्या माणसाला एकटं माणूस लगेच ओळखू येतं, बरं का. ती म्हणाली, 'गेणबा, तुला कोणी सांगितली बातमी?'

'मेंढक्यांनी.'

'ती गावाला सांगायला. तुझी तुला कोणी सांगितली?'

'मला कशाला सांगायची? मी तर सांगणारा.'

'आज खीर खाल्लीस?'

गेणबानं मान खाली घातली. 'नाही.'

मग ठकूबाईनं त्याच्या खांद्यावरची हलगी काढून घेतली. आपल्या खांद्याला अडकवली. तिला काही वाजवता येत नव्हती, काडी उलटीच धरली होती. पण उभी राहिली ताठ आणि त्या एवढ्या मोकळ्या माळावर, एकट्या माणसापुढं, मोठ्यानं दवंडी पिटली. 'ऐका हो गेणबा, ऐका! भिऊ नका हो! तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय हो! गेणबा, तुमच्यासाठी!'

आणि हलगी थांबली.

अशी थांबली की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. गेणबा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात ओरडलेला माणूस तो. त्याच्या नावानं कोणी काही सांगितलंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. ठकूबाई त्याच्याजवळ नुसती बसून राहिली.

मग गेणबा उठला. हलगी घेतली. म्हणाला, 'चला ठकूबाई, घरी चला. दवंडी मी पिटतो.' आणि वाजवतच निघाला. 'ऐका हो ऐका! ठकूबाई बरी झाली हो! ठकूबाई घरी येते आहे हो!'

वेशीपाशी सगळं गाव गोळा झालं. पाटील पुढं. 'थांब!' पाटील म्हणाला. 'ही दवंडी मी सांगितलेली नाही.'

'नाही सांगितली,' गेणबा म्हणाला. 'पण सकाळची तुम्हीच सांगितली होती, पाटील. ती सगळ्यांसाठी होती. ही तिच्यातच आली.'

कोणी पुढं येईना, कोणी मागं जाईना. ठकूबाई वेशीच्या बाहेरच उभी. आणि तेवढ्यात गर्दीतून बहिरे आबा निघाले. त्यांना थांब म्हटलेलं ऐकूच आलं नव्हतं ना! ते आपले तुरुतुरु चालत गेले, ठकूबाईचा हात धरला आणि तिला खीर खायला चल म्हणून घेऊन आले आत. झालं. आबांनी हात धरल्यावर बाकीचे कसले थांबतात! एकीनं लुगडं आणलं, एकीनं पाणी तापवलं. पाटलानं सगळ्यांदेखत तिची माफी मागितली, मग चोराला सोडलं. मग गेणबाकडं वळून म्हणाला, 'आणि तू रे? आमच्याकडं जेवायला चल.' गेणबा म्हणाला, 'आज नाही, उद्या. आज मला एवढ्या घरी बोलावलंय की पोट कुठून आणू?'

दुसऱ्या दिवशी ते सगळे बेथलेहेमला गेले. गोठा सापडला. गेणबानं हलगी बाहेरच ठेवली, म्हणाला, बाळ उठेल. आत मरिया होती, योसेफ होता आणि गव्हाणीत बाळ होतं. लोक एकेक करून वाकून बघत होते. ठकूबाई आपली मागं, दाराशी. सवय होती ना तिला लांब राहायची.

मरियेच्या हातात धुतलेली दुपटी होती. ती इकडंतिकडं बघत होती आणि तिची नजर ठकूबाईवर गेली. 'आजी,' ती म्हणाली, 'जरा याला धरता का? एवढी दुपटी वाळत घालून येते.'

'मी?' ठकूबाई म्हणाली. 'माझ्या हातात देतेस?'

'हो,' मरिया म्हणाली. 'मान तेवढी सांभाळा.'

आणि बाळ तिच्या हातात दिलं. वर्षानुवर्षं ज्या हातांत कोणी भाकरीसुद्धा ठेवली नव्हती, त्या हातांत. ठकूबाई खाली बसली. बाळानं तिचं बोट धरलं. तिला त्याची ऊब कळली. मरिया परत आली तरी तिनं बाळ लगेच मागितलं नाही.

मग सगळे गावाला परत आले. ठकूबाई विहिरीजवळच्या आपल्या घरात राहायला लागली, आणि तिथं पोरांची एवढी वर्दळ, की तिला टिटवीला भेटायला माळावर जायचं म्हणजे वेळ काढावा लागायचा. आणि गेणबाच्या खोपटात रोज कोणी ना कोणी यायला लागलं. पहिल्या दिवशी गेणबानं विचारलं, काय काम काढलं? तर ते म्हणाले, काम नाही रे. नुसतं बसायला आलो.

असे ते सगळे सुखानं राहिले. शमू झोपलासुद्धा वाटतं. एस्तेर, तूही मिट डोळे. ती बातमी तुझ्यासाठी आहे, शमूसाठी आहे, आणि पलीकडच्या गल्लीत आज कोणी एकटं पडलं असेल तर त्याच्यासाठीही आहे. उद्या सकाळी सणाच्या करंज्यांचं ताट घेऊन जाऊ आपण, दारातून देऊन यायचं नाही, आत जाऊन बसायचं. हं, आता नीज.